शाळा सुटली, वारा सुटला

वाचकाचं पत्र:

सप्रेम नमस्कार. मी मूळची मिरजेची. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा. बारा वर्षं आपल्याकडे वॉर्डात काढली. गेल्या वर्षी इंग्रजीची परीक्षा चांगल्या गुणांनी पास होऊन इंग्लंडला आले. इथल्या एका मोठ्या हॉस्पिटलात नर्स आहे. आजारांची, औषधांची इंग्रजी नावं तोंडपाठ आहेत, पण पेशंट बोलायला लागले की घाम फुटतो. शब्द पहिलीतल्या मुलाला यावेत इतके सोपे असतात आणि अर्थ लागत नाही. एक आजोबा म्हणाले, “आय कान्ट कीप एनीथिंग डाऊन.” मला वाटलं हातातलं काही खाली ठेवायचंय, मी टेबल पुढे सरकवलं. ड्युटी बदलताना सिस्टर म्हणाली, “शी केम राऊंड ॲट फोर.” मी समजले, चारला कुणी भेटायला येऊन गेलं. “द अलार्म हॅज गॉन ऑफ” असं कुणी म्हणालं, तेव्हा मी बसून राहिले. म्हटलं, बंद झाला असेल. मी २०११ला पास आऊट झाले असं सांगितलं, तर सगळ्या विचारायला लागल्या की आता बरं वाटतंय ना. परवा रात्री एक आजी तासभर दुखणं सोसत पडून होत्या. बेल का नाही वाजवलीत विचारलं, तर म्हणाल्या, “आय डिडन्ट वॉन्ट टू पुट यू आऊट.” त्या मला कुठे बाहेर काढणार होत्या? मी काहीच बोलले नाही, गोळी दिली आणि खोलीवर येऊन रडले. पाचशे फ्रेजल व्हर्बची, म्हणजे ‘पुट आऊट’सारख्या क्रियापद आणि छोट्या शब्दाच्या जोड्यांची, यादी आणून पाठ करतेय. एकट्या ‘पुट’ची दोन पानं आहेत. सकाळी पाठ केलेलं रात्री विसरते. मुलगी इथल्या शाळेत जाते, तिला न शिकता सगळं येतं. माझं वय ३६. मला जमेल का? व्याकरणात माझं नेमकं काय चुकतंय?

*

ताई,

ती पाचशेंची यादी आधी मिटून ठेवा. सकाळचं रात्री विसरता, यात तुमच्या स्मरणशक्तीचा दोष नाही. त्या यादीत ‘पुट ऑफ’च्या खाली ‘पुट आऊट’ आणि त्याच्या खाली ‘पुट अप विथ’ येतं. एकमेकांशी काही नातं नसलेली माणसं, केवळ आडनाव एक म्हणून, एका खोलीत कोंबावीत तसं ते आहे. कोण कुणाचं ते कुणाच्याच लक्षात राहणार नाही.

आणि तुमचं व्याकरण चुकत नाहीये. तुम्ही शिकलात ते कागदावरचं इंग्रजी. खाटेवरचं इंग्रजी वेगळं आहे आणि हा फरक फार जुना आहे. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. पुढे काही शतकं दरबारात आणि न्यायालयात फ्रेंच चालली, चर्चमध्ये आणि विद्वानांत लॅटिन. वैद्यकही लॅटिनमधून शिकवलं जाई. चूल, गोठा, शेत, पोराबाळांची दुखणी मात्र जुन्या इंग्रजीतच राहिली. म्हणून आज एकेका गोष्टीला दोन-दोन शब्द आहेत: ‘टॉलरेट’ आणि ‘पुट अप विथ’, ‘पोस्टपोन’ आणि ‘पुट ऑफ’, ‘इन्व्हेस्टिगेट’ आणि ‘लुक इंटू’. आपल्याकडे इंग्रजी आलं ते कचेरीतून आणि क्रमिक पुस्तकातून, स्वयंपाकघरातून नाही. त्यामुळे जोडीतला भारदस्त शब्द आपल्याला येतो आणि साधा अडतो. तुमच्या चार्टवर ‘व्हॉमिटेड ट्वाइस’ असतं. खाटेवरचा माणूस म्हणतो, “आय ब्रॉट इट ऑल अप.”

(याच ओघात एक सांगून ठेवते. “आय वॉज सिक इन द नाईट” असं तिथलं कुणी म्हणालं, तर बहुधा त्याला रात्री उलटी झालेली असते. आपण ‘सिक’ म्हणजे आजारी एवढंच धरून चालतो. किती वेळा झाली आणि काय पडलं, हे लगेच विचारा.)

परक्या माणसाला हे जड जातं, ही गोष्ट इंग्रजांनीही फार पूर्वी ओळखली होती. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ मध्ये इंग्रजीचा मोठा कोश प्रसिद्ध केला. क्रियापदामागे एक छोटा शब्द लावून अर्थ पालटण्याची आमच्या भाषेतली ही रीत परकीयांना सगळ्यात जास्त अडचणीची ठरते, असं त्याने त्याच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलं आहे. म्हणून त्याने अशा जोड्या कोशासाठी कष्टाने गोळा केल्या. तुम्ही मिरजेहून तिथे जाऊन अडलात, त्याच्या अडीचशेहून अधिक वर्षं आधी हे लिहिलेलं आहे. तेव्हा रडू आलं त्याची लाज वाटून घेऊ नका.

पण जॉन्सनच्या मनातले परकीय वेगळे होते. तुमच्याकडे मराठी आहे, आणि या बाबतीत मराठी तुम्हाला फार उपयोगी पडणार आहे. शाळेत संस्कृतच्या तासाला आहार, विहार, प्रहार, संहार हे शब्द एका ओळीत ऐकले असतील. धातू एकच. पुढे लागलेल्या एकेका अक्षराने अर्थ जेवणापासून विध्वंसापर्यंत नेला. ‘पुट’चं तेच होतं. फरक इतकाच की इंग्रजीत तो तुकडा मागे लागतो आणि सुटा राहतो. वेदांच्या भाषेत तर उपसर्गही सुटे असत, क्रियापदापासून दूर जाऊन बसत. “टेक युअर शर्ट ऑफ” या वाक्यात ‘टेक’ एका टोकाला आणि ‘ऑफ’ दुसऱ्या टोकाला, तसंच काहीसं.

संस्कृतही राहू द्या. रोजच्या मराठीत या. समजा, तुमच्या वॉर्डातली एखादी इंग्रज सिस्टर मराठी शिकायला बसली. ‘बोलणे’ तिला येतं. आता तिच्यापुढे एवढंच ठेवा: तो बोलून गेला. तो बोलून बसला. त्याने बोलून दाखवलं. त्याने बोलून टाकलं. त्याने बोलून घेतलं. ती विचारेल, यात गेलं कोण, बसलं कोण, आणि टाकलं काय? तुम्हाला मात्र पाचही माणसं डोळ्यांसमोर दिसली. पहिल्याच्या तोंडून ओघात निघून गेलं. दुसऱ्याला आता पस्तावा होतोय. तिसऱ्याने मनातली सल उघड केली. चौथा एकदाचा मोकळा झाला. पाचव्याने पुढचा काही बोलायच्या आत आपलं म्हणणं मांडलं. हे तुम्हाला कुणी यादी देऊन शिकवलं नव्हतं. आईच्या, शेजारणींच्या तोंडून पूर्ण वाक्यं ऐकत शिकलात.

आपण दुसऱ्या क्रियापदाकडून जे काम करून घेतो, त्यातलं बरंचसं काम इंग्रजी ‘अप’, ‘ऑफ’, ‘आऊट’, ‘डाऊन’ या छोट्या शब्दांकडून करून घेतं. माझं तुम्हाला मुख्य सांगणं हेच आहे. ‘ड्रिंक’ म्हणजे पी, ‘ड्रिंक अप’ म्हणजे पिऊन टाक. ‘यूज अप’ म्हणजे वापरून संपवणं. ‘राइट डाऊन’ म्हणजे लिहून ठेव. ‘स्वेल अप’ म्हणजे सुजून येणं. ‘वोर्न आऊट’ म्हणजे थकून जाणं. यात ‘अप’ म्हणजे वर कुठे, असं शोधत बसलात तर सापडणार नाही; ‘पिऊन टाक’ म्हणताना तरी आपण कुठे काय टाकतो?

दुखण्याखुपण्याच्या भाषेत तर दोन्ही भाषा कधी कधी इतक्या जवळ येतात की मला आनंद होतो. तुमचे ते आजोबा. “आय कान्ट कीप एनीथिंग डाऊन.” याचं मराठी तुम्ही मिरजेच्या वॉर्डात हजारदा ऐकलं असेल: पोटात काही ठरत नाही. खाली जातं, पण तिथे राहत नाही. ‘द पेनकिलर इज वेअरिंग ऑफ’ म्हणजे गोळीचा असर उतरतोय, जशी भूल उतरते. टेम्परेचर ‘गोज अप’ आणि ‘कम्स डाऊन’, आपला तापही चढतो आणि उतरतो. ‘कम डाऊन विथ फ्लू’ म्हणजे फ्लूने अंथरुणाला खिळणं; तिथेही माणूस खालीच आला. ‘गेट ओव्हर इट’ म्हणजे दुखण्यातून उठणं. ‘माय बॅक इज प्लेइंग अप’ याला आमच्याकडे ‘कंबर पुन्हा कुरकुरायला लागली’ म्हणतात. ‘आय फील रन डाऊन’ म्हणजे गळून गेल्यासारखं वाटतंय. ‘ही इज ऑफ हिज फूड’ म्हणजे अन्नावरची वासना उडालीय. यात ‘अन्नावरची’ हा शब्द बघा, आपणही ‘वर’ लावतोच.

आता तो अलार्म. तुमच्या पत्रातली हीच गोष्ट मला सगळ्यात काळजीची वाटली, कारण ती पेशंटच्या जिवाशी जोडलेली आहे. “द लाईट हॅज गॉन ऑफ” म्हणजे दिवा गेला. “द अलार्म हॅज गॉन ऑफ” म्हणजे अलार्म वाजायला लागला, उठा, पळा. ‘गो ऑफ’ तेच आणि अर्थ बरोबर उलटा. हे वाचून इंग्रजीला काही धरबंध नाही असं वाटेल. पण आपलं ‘सुटणं’ घ्या. शाळा सुटली, म्हणजे संपली. नोकरी सुटली, म्हणजे गेली. आणि वारा सुटला, घाम सुटला, म्हणजे सुरू झाला. बांधलेलं काहीतरी मोकळं झालं, हा मुळातला अर्थ दोन्हीकडे आहे. शाळा मोकळी झाली की थांबते, वारा मोकळा झाला की वाहतो. इंग्रजी ‘ऑफ’मध्येही तसंच सुटणं आहे. दिवा विजेपासून सुटला की विझतो. बंदुकीतून गोळी सुटते तसा अलार्म सुटला की वाजतो. इंग्रजीत बंदूकही ‘गोज ऑफ’च. फ्रिजमधलं दूध ‘हॅज गॉन ऑफ’ असेल तर ते नासलं, तेही ताळ्यावरून सुटलंच. हे एक ‘सुटणं’ लक्षात ठेवलंत, तर अलार्म ऐकून तुम्ही पुन्हा बसून राहणार नाही.

व्याकरणात काय चुकतंय असं विचारलंत, तर चूक नाही, पण एक भेद ओळखायला हवा. छोटा शब्द क्रियापदाचा आहे की नामाचा? क्रियापदाचा असेल तर तो क्रियाविशेषण, नामाचा असेल तर त्याचं काम आपल्या शब्दयोगी अव्ययासारखं. “टर्न ऑफ द लाईट” आणि “टर्न ऑफ द रोड” ही दोन वाक्यं घ्या. कागदावर अगदी सारखी. मराठीत आणली की लगेच फाकतात: दिवा बंद कर, आणि रस्त्यावरून वळ. दुसऱ्यातला ‘ऑफ’ रस्त्याला चिकटलाय, ‘रस्त्यावरून’. म्हणून तो रस्ता सोडून हलत नाही. पहिल्यातला ‘ऑफ’ क्रियापदाचा, म्हणून “टर्न द लाईट ऑफ” असंही चालतं, आणि दिव्याऐवजी ‘इट’ आलं की ते मध्येच बसवावं लागतं: “टर्न इट ऑफ”. मराठीत शब्दयोगी अव्यय नामाला चिकटवूनच लिहितात, त्यामुळे ते कुणाचं हे डोळ्यांना दिसतं. इंग्रजीत सगळे सुटे, म्हणून कान लावावा लागतो. बोलताना क्रियापदाच्या छोट्या शब्दावर सहसा जोर येतो, नामाच्या छोट्या शब्दावर सहसा येत नाही. “टेक इट ऑफ” म्हणताना ‘ऑफ’ ठणकतो. “लुक ॲट इट” म्हणताना ‘ॲट’ जवळजवळ गिळला जातो. चार दिवस नुसतं याकडे कान द्या.

तुमच्या कामात हा भेद रोज येतो. पेशंटला गाऊन घालायला सांगताना “पुट इट ऑन”. तोच ‘पुट ऑन’ डॉक्टरांच्या तोंडी: “पुट हर ऑन अँटिबायॉटिक्स.” इथे ‘ऑन’ औषधाचा आहे, आपणही म्हणतोच, तिला अँटिबायॉटिक्सवर ठेवलंय. शर्ट “टेक इट ऑफ”, पण माणसाला “टेक हिम ऑफ द ऑक्सिजन”, म्हणजे ऑक्सिजनवरून काढा. पहिल्यात कपडा निघतो, दुसऱ्यात माणूस.

तीन तुकड्यांच्या जोड्या दोन्ही प्रकार एकत्र येऊन होतात: आधी क्रियापदाचा छोटा शब्द, मग नामाचा. ‘पुट अप विथ द पेन’, ‘रन आऊट ऑफ ग्लव्हज’, ‘कट डाऊन ऑन सॉल्ट’. यातली एक जोडी आपली माणसं पत्रात नेहमी चुकवतात. ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’ नाही, ‘टू मीटिंग यू’. इथला ‘टू’ नामाचा आहे, म्हणून पुढे नामासारखं रूप हवं. मराठीतही आपण ‘भेटणे वाट पाहते’ म्हणत नाही, ‘भेटण्याची वाट पाहते’ म्हणतो. आणि ‘कोप अप विथ’ असं काही नाही, नुसतं ‘कोप विथ’. ‘कीप अप विथ’च्या सवयीने तो ‘अप’ आत शिरलाय. ‘डिस्कस अबाऊट’मधला ‘अबाऊट’ आपल्या ‘बद्दल’मधून येतो, तोही काढा. ‘मॅरीड विथ’ हे ‘कुणाशी लग्न’मधल्या ‘शी’चं भाषांतर, तिथे ‘टू’ लागतो. या चुकांनी अर्थ अडत नाही. सावकाश जातील.

एक सवय मात्र लवकर सोडा, कारण ती ऐकणाऱ्याला खटकते. “ऑफ द लाईट”, “ऑन द फॅन”. ही कशी झाली, ते बघण्यासारखं आहे. आपण इंग्रजीतून ‘ऑन’ आणि ‘ऑफ’ मराठीत आणले, पण त्यांचं ‘टर्न’ किंवा ‘स्विच’ हे क्रियापद तिकडेच राहू दिलं आणि आपलं ‘करणे’ जोडलं: लाईट ऑफ कर, पंखा ऑन कर. मराठीत हे आता रुळलंय आणि त्यात वाईट काही नाही. घोळ होतो तो उलट्या प्रवासात. इंग्रजी बोलताना आपण ‘कर’ काढतो आणि त्या जागी काहीच ठेवत नाही. ‘टर्न’ परत ठेवा, एवढंच.

‘पास आऊट’चं तर तुम्ही सांगितलेलंच आहे. भारतात पास आऊट होणं म्हणजे पदवी घेऊन बाहेर पडणं. खडकवासल्याच्या एनडीएचं ‘पासिंग आऊट परेड’ आपण टीव्हीवर बघतो, आणि ब्रिटनच्या लष्करातही हा शब्दप्रयोग आहे. पण वॉर्डात ‘आय पास्ड आऊट’ म्हणजे शुद्ध हरपली. तुमच्या सहकारिणींनी आता बरी आहेस ना विचारलं, ते काळजीने विचारलं. यापुढे “आय क्वालिफाईड इन २०११” म्हणा. आणि पेशंट हे बोलला, तर पडताना डोकं कुठे आपटलं का, हे तुम्हाला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे.

आता यादीऐवजी काय करायचं ते सांगते. खिशात मावेल अशी वही घ्या. पेशंटचं नाव, खाट, काहीही न लिहिता, फक्त ऐकलेलं पूर्ण वाक्य लिहा. ‘कीप डाऊन’ असं सुटं लिहू नका. “आय कान्ट कीप एनीथिंग डाऊन” असंच लिहा आणि शेजारी तुमच्या आईने जे मराठीत म्हटलं असतं ते. शब्दाचा अर्थ लिहायचा नाही, वाक्याच्या जागी वाक्य लिहायचं. दिवसाला दोन पुरेत. वही क्रियापदावर लावू नका, छोट्या शब्दावर लावा: एक पान ‘डाऊन’चं, एक ‘ऑफ’चं, एक ‘अप’चं. महिनाभराने ‘डाऊन’चं पान वाचाल तेव्हा सूज ‘गोज डाऊन’, घाबरलेला माणूस ‘काम्स डाऊन’, श्वास ‘स्लोज डाऊन’ हे एकाखाली एक दिसेल. कमी होणं, खाली बसणं, शांत होणं, ही सगळी एकाच घरातली. ‘पुट’च्या पानावर ते कधीच दिसलं नसतं. काही वाक्यं कुठल्याच पानात नीट बसणार नाहीत. ‘पुट अप विथ’चं मी वर्गात वर्षानुवर्षं स्पष्टीकरण देत आले आणि माझं मलाच ते कधी पुरं पटलं नाही. तसली शेवटच्या पानावर लिहा आणि पाठ करा. ती थोडी असतात.

या वहीत एक जोडी आजच लिहा. डिस्चार्जच्या वेळी सिगारेटबद्दल सांगताना ‘कट डाऊन’ म्हणजे कमी करा. ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडून द्या. डॉक्टरांनी ‘गिव्ह अप’ म्हटलेलं असताना आपण ‘कट डाऊन’ म्हणालो, तर माणूस दिवसाला पाच ओढेल आणि नर्सनेच परवानगी दिली असं प्रामाणिकपणे समजेल. मिठाचंही तसंच. ‘कट डाऊन ऑन सॉल्ट’ म्हणजे बेताने खा, ‘कट आऊट सॉल्ट’ म्हणजे बंद. एका छोट्या शब्दात पथ्य बदलतं.

आणि ‘शी केम राऊंड ॲट फोर’. ताई, हे वाक्य खरोखरच दोन अर्थांचं आहे. भूल दिलेली बाई ‘केम राऊंड’ म्हणजे शुद्धीवर आली. तिची बहीण ‘केम राऊंड’ म्हणजे भेटायला येऊन गेली. दोन्ही चोख इंग्रजी आहे. वॉर्डात कुठला अर्थ घ्यायचा ते आधीच्या बोलण्यावरून ठरतं, आणि ड्युटी बदलायच्या घाईत आधीचं बोलणं निसटलेलं असतं. म्हणून तिथे विचारणं हा कमीपणा नाही, ते कामच आहे. ऐकलेलं आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवा: “सो शी वोक अप ॲट फोर?” चूक असेल तर समोरची लगेच दुरुस्त करेल. पेशंटलाही निःसंकोच विचारा: “डू यू मीन यू व्हॉमिटेड?” तुम्हाला येणारे हे कागदावरचे शब्द इथे कामी येतात. रुग्णाने साधं बोलायचं आणि नर्सने नेमका शब्द घेऊन खात्री करायची, यात काही वावगं नाही. इंग्रज नर्सही तेच करतात. ‘मला इंग्रजी येत नाही’ असं म्हणू नका, कारण ते खरं नाही. “कुड यू से दॅट अनदर वे?” असं म्हणा.

मुलीबद्दल एकच. तिला न शिकता येतं असं तुम्हाला वाटतं, पण ती रोज सहा-सात तास मैदानात, वर्गात, बसमध्ये पूर्ण वाक्यं ऐकतेय. तुम्ही वॉर्डात ऐकता त्यातलं निम्मं दुखण्याचं आणि घाईचं असतं. रात्री जेवताना वही तिच्यापुढे ठेवा. तिने इंग्रजी वाक्य वाचायचं, तुम्ही मराठी सांगायचं. ‘अन्नावरची वासना उडणे’ तिला ठाऊक नसणार, त्यामुळे तिचंही शिकणं होईल. छत्तीस हे काही वय नाही. बारा वर्षं वॉर्डात काढलेला कान आहे तुमचा. कण्हण्यावरून दुखणं कुठलं ते ओळखणारा.

राहिल्या त्या आजी. “आय डिडन्ट वॉन्ट टू पुट यू आऊट.” इथे बाहेर काढण्याचा काही संबंध नाही. ‘पुट समवन आऊट’ म्हणजे कुणाला तसदी देणं, त्याची घडी विस्कटणं. आपल्याकडची आजी म्हणाली असती, “म्हटलं, कशाला तुम्हाला त्रास. एवढ्या रात्रीची पळतेयस पोरी.” आणि तिने दुखणं अंगावर काढलं असतं. तशाच या. त्यांना तुमची काळजी वाटली होती, म्हणून त्यांनी बेल दाबली नाही. तुम्ही त्यांना वाईट असं काही बोलला नाहीत, गोळी दिलीत. त्या अजून वॉर्डात असतील तर पुढच्या रात्री ड्युटीवर आल्या आल्या त्यांच्याकडे जा. बेल त्यांच्या हाताला लागेल अशी उशाशी ठेवा आणि सांगा, “यू आर नॉट पुटिंग मी आऊट.” ‘मी’ मध्ये, आणि जोर ‘आऊट’वर.